उजवीकडची धडधड

ताई,

त्या सकाळी मेहकरला तुझ्या घरी पोचलो तेव्हा शेजारच्या काकूंनी तुला ओट्याजवळून उचलून दिवाणावर निजवलं होतं. मी तुझ्या छातीवर हात ठेवला, तर तो सवयीनं उजवीकडे गेला. साडेसहा वर्षं माझा हात उजवीकडेच जातो. माझ्या लेकीचं, मैत्रीचं हृदय जन्मापासून उजव्या बाजूला आहे, आणि दिवसातून एकदा तरी तिथे तळवा टेकवल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुझ्या उजव्या बाजूला काही लागलं नाही. क्षणभर मला चक्क धीर आला. वाटलं, आपण चुकीच्या बाजूला पाहतोय. मग हात डावीकडे नेला. तिथेही काही नव्हतं.

परवा जलदानविधी झाला. तुझ्या हातून जन्मलेली माणसं आपापली मुलं घेऊन आली होती. उंद्रीहून तुझ्याबरोबर नोकरी केलेल्या दोघी सिस्टर आल्या. सगळे बोलले. तू किती बाळंतपणं केलीस, पावसापाण्यात कुठे कुठे पायी गेलीस, निवृत्त झाल्यावरही लोक तुझ्याच दारात कसे यायचे. मलाही बोलायला सांगितलं, आणि मी उठून नुसते हात जोडले. लोकांना वाटलं, भावाला रडू आलं. रडू आलं नव्हतं. माझं जे बोलायचं आहे ते तुझ्याशी आहे, आणि त्यात एक भांडण अर्धं राहिलं आहे.

तू माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई मजुरीला गेली की मी तुझ्या कडेवर. शाळेत पहिल्यांदा तू सोडलंस, डी.एड.चा फॉर्म तू आणलास, सुजाताला पाहायला आधी तू गेलीस. तू कशाला भ्यालेली मी पाहिली नव्हती. विंचू चिमट्यात धरायचीस. दारू पिऊन केंद्रावर गोंधळ घालणाऱ्या माणसाला हाताला धरून बाकड्यावर बसवायचीस. म्हणून मैत्रीच्या जन्माच्या दिवशी मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो, आणि तो शांत दिसला म्हणून मीही शांत राहिलो. त्याचाच पुढे मला राग आला.

सुजाताला आम्ही डोणगावहून तुझ्या आरोग्य केंद्रात आणलं होतं. तिला दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जायचं नव्हतं. सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळ पालथं असल्यानं छाती नीट दिसली नव्हती, पण वाढ चांगली होती आणि आम्ही कुणी त्याचा विचार केला नाही. सकाळी साडेदहाला मुलगी झाली. रडली. पावणेतीन किलोची. तू मला आत बोलावलंस तेव्हा ती दिव्याखालच्या पाळण्यात पाय झाडत होती, आणि तू तिच्या इवल्याशा छातीवर स्टेथो ठेवून वाकली होतीस.

आधी डावीकडे ठेवलास. मग मधोमध. मग उजवीकडे ठेवलास आणि तो तिथेच राहिला. किती वेळ राहिला ते सांगता येत नाही, पण मी खिडकीबाहेर उभ्या गाडीचा नंबर दोनदा वाचला. त्यानंतर तू स्टेथो गळ्यात टाकलास आणि दोन बोटं तिच्या उजव्या बरगडीखाली हळूच दाबलीस. पुन्हा दाबलीस. मग डावीकडे. मग परत उजवीकडे.

मी विचारलं, काय पाहतेस. तू सांगितलंस, हिचं हृदय उजव्या अंगाला आहे आणि लिव्हर कुठे आहे ते पाहतेय. मी विचारलं, लिव्हर कुठे आहे मग?

"जिथं पाह्यजे तिथंच हाय."

"म्हणजे बाकी सगळं जागेवर आहे?"

"हाव," तू म्हणालीस.

त्या एका 'हाव'वर मी तो सगळा दिवस काढला. बाहेर येऊन सासऱ्यांना फोन केला, शाळेत फोन केला. मुलगी झाली, हृदय जरा उजवीकडे सरकलंय, पण बाकी सगळं जागेवर आहे. मोठ्यानं सांगत होतो. केंद्रातल्या मंडळींना जिलबी आणून वाटली. तू तुकडा घेतलास, पण तोंडात घातलेला मी पाहिला नाही.

तोवर तू डॉक्टर मॅडमना बोलावलं होतंस. त्यांनी बाळाच्या पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राची पट्टी लावली, आकडा पंच्याण्णवच्या वर हवा, तो ऐंशीच्या आसपास येऊन थांबला. लगेच गाडी बोलावली. मला सांगितलं, शहरात लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवू, आजच. मी म्हणालो, उद्या गेलं तर? सुजाताला बसता तरी येईल. तू माझ्याकडे वळलीही नाहीस. "आजच," एवढंच. सुजाता आणि तिची आई केंद्रात राहिल्या, तू आणि मी निघालो.

तेव्हा समृद्धी महामार्ग झालेला नव्हता. सिंदखेडराजा, जालना करत चार तास लागले. बाळ तुझ्या मांडीवर, नाकापाशी ऑक्सिजनची नळी. मी बोलत होतो, तू बोलत नव्हतीस. तुझे ओठ हलत होते. मला वाटलं, त्रिसरण म्हणतेस. नंतर कळलं, श्वास मोजत होतीस. जालन्याच्या अलीकडे ती रडायला लागली, तेव्हा तिचे ओठ जांभळाच्या सालीसारखे झालेले मी पहिल्यांदा पाहिले. माझं बोलणं तिथे बंद पडलं. उरलेला सगळा रस्ता मी त्या ओठांकडे पाहत बसलो. ते पुन्हा गुलाबी होतात का याची वाट पाहायची, आणि पाहायचं धाडस मात्र करायचं नाही, असं एकाच वेळी चाललं होतं.

इको करणारे डॉक्टर तरुण होते आणि सावकाश बोलत होते. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी मला चित्र काढून दाखवलं. हृदय उजवीकडे आहे हा मोठा प्रश्न नाही, ते म्हणाले. काही माणसांचं सगळंच आरशातल्यासारखं उलटं असतं. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. अशांचं हृदय बहुतेक वेळा धड असतं, ती माणसं म्हातारी होतात आणि कित्येकांना आयुष्यभर पत्ताही नसतो. पण यकृत आपल्या जागी आणि एकटं हृदय उजवीकडे, असं असलं की आतल्या घडणीत गडबड असण्याची शक्यता फार. तुमच्या बाळाच्या हृदयाचा खालचा एक कप्पा वाढलेलाच नाही. फुफ्फुसाकडे रक्त नेणारी वाट बंद आहे. जन्माआधी प्रत्येक बाळाला असते तशी एक छोटी वाट अजून उघडी आहे, तिच्यावर ती जगते आहे. ती वाट चार दिवसांत आपोआप मिटते. आम्ही औषधानं ती उघडी ठेवू आणि आठवड्याभरात ऑपरेशन करून तिथे एक नळी घालू. पुढे आणखी दोन ऑपरेशनं लागतील.

मी कागदाकडे पाहत होतो आणि माझ्या डोक्यात सकाळची तुझी दोन बोटं फिरत होती. बरगडीखाली दाबणारी. पुन्हा दाबणारी. तू तिथे लिव्हर नसावं म्हणून शोधत होतीस. ते जागेवर सापडलं तेव्हाच तुला सगळं कळलं होतं.

बाहेरच्या बाकड्यावर आल्यावर मी म्हणालो, "तुला माहीत होतं."

"होतं."

"मग मी विचारलं तेव्हा 'हाव' कशाला म्हणालीस?"

"बाकी सगळं जागेवर होतं, मिल्या. मी खोटं नाही बोलली."

मी तिथून उठलो आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. मला त्या जिलबीची लाज वाटत होती. तू मला हसू दिलंस, फोन करू दिलेस, आणि स्वतः आत उभी राहून सगळं जाणत होतीस. ही पोर चार दिवस जगेल की नाही हे माहीत असलेलं एकच माणूस तिथे होतं, आणि त्या माणसानं मला बाजूला ठेवलं. पुढे कितीतरी वेळा मी हे तुला ऐकवलं. तू दर वेळी ऐकून घेतलंस. एकदाही कारण सांगितलं नाहीस.

आठव्या दिवशी नळी घातली. त्यानंतरचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. तुझं त्या वॉर्डातल्या नर्सशी झालेलं भांडण आठवतं. मैत्रीच्या सलाइनच्या नळीत मुगाच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा होता. तू हात वर करून नळी चिमटीत धरलीस आणि म्हणालीस, हा निघाल्याशिवाय सोडणार नाही. ती बिचारी सांगत होती, मावशी, एवढ्याशा बुडबुड्यानं काही होत नाही. तू म्हणालीस, तुझ्या-माझ्या अंगात जाऊन काही होत नाही, फुफ्फुसात अडकून जिरतो. हिच्यात सगळं रक्त एकत्र आहे, हिचा बुडबुडा सरळ डोक्यात जाईल. ती पोरगी गंभीर झाली आणि तिनं बुडबुडा काढला. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच नळीवर टिचक्या मारायची. मी मात्र त्यानंतर कुठलीही सलाइनची बाटली धड नजरेनं पाहू शकलो नाही. आजही पाहत नाही.

घरी आणल्यावर आम्ही दोघं तिला रडूच द्यायचो नाही. रडली की निळी पडायची. घरात कुणी भांडं जोरात ठेवायचं नाही, कुकर लावायचा नाही, शेजारच्या पोरांनी अंगणात खेळायचं नाही. सुजाता तिला खांद्यावर घेऊन उभ्या उभ्या जेवायची. तू रविवारी आलीस, घराची ती कळा पाहिलीस आणि कुकर चढवलास. शिट्टी झाली, मैत्री दचकून रडली. आम्ही दोघं धावलो, तर तू हात आडवा धरलास. थोडं रडू दे म्हणालीस, भूक लागल्यावर रडणार नाही तर काय करेल. आणि ओठ पाहत जाऊ नका, ट्यूबलाइटमध्ये सगळ्यांचेच ओठ निळे दिसतात. खिडकीत न्या आणि जीभ पाहा. तेव्हापासून आमच्याकडे रोज सकाळी जीभ पाहतात. मैत्री आता अंथरुणातून उठते, डोळे चोळत खिडकीशी जाते आणि न सांगता जीभ काढून उभी राहते.

ऑपरेशनात घातलेल्या त्या नळीकडे कान देऊन ऐकलं तर घरघर ऐकू येते, हे तू आम्हाला शिकवलंस. कॉलरच्या हाडाखाली स्टेथो ठेवायचा. पिठाची गिरणी लांबून ऐकावी तसा आवाज, थांबत नाही, वाहतच राहतो. हा आवाज आहे तोवर नळी उघडी आहे. तो थांबला तर एक मिनिट घालवायचं नाही. एक स्टेथो तू आमच्या घरी ठेवून गेलीस, आणि मी दिवसातून दहा वेळा ऐकू लागलो. वर्गात फळ्यावर लिहिताना माझ्या कानात ती घरघर चालू असायची, आणि मध्येच वाटायचं, आता घरी ती थांबली असेल.

ती चार महिन्यांची असताना तो दिवस आला. तू आमच्याकडे मुक्कामाला होतीस. सकाळपासून तिला जुलाब होत होते. तू म्हणालीस, अंगातलं पाणी कमी झालं तर रक्त दाट होतं आणि नळी तुंबते, दवाखान्यात चला. गाडी मिळेपर्यंत थांबायला तू तयार नव्हतीस. समोर मेहकरची एसटी लागली होती, तीत आपण चढलो. डोणगाव सोडून पंधरा मिनिटं झाली असतील, सुजाता एकदम म्हणाली, ताई, ही बघा कशी करतेय. मैत्रीचा रंग निळा नव्हता, राखेसारखा झाला होता. मान टाकली होती.

तू पिशवीतून स्टेथो काढलास, कानाला लावलास, तिच्या हाडाखाली ठेवलास. बसचा खडखडाट. तू डोळे मिटलेस. मग डोळे उघडून मागूनच ओरडलीस, गाडी थांबवा आणि इंजिन बंद करा. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. कंडक्टर विचारायला आला, त्याला तू हातानंच थांबवलंस. इंजिन बंद झालं. चाळीसेक माणसं होती, आठवडी बाजाराला निघालेली. कुणाच्या तरी टोपलीत कोंबडी होती, तिच्यावर त्या बाईनं पदर टाकला. ताई, एवढी माणसं एका बंद गाडीत श्वास रोखून बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. बाहेरून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत तू वाट पाहिलीस. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि त्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

"हाय," तू म्हणालीस. "बारीक हाय, पण हाय. चाला."

ड्रायव्हरनं स्टँडचं वळण सोडून गाडी सरळ दवाखान्यासमोर नेली. एकही माणूस आपल्या थांब्यावर उतरलं नाही. सलाइन लागलं, तू बुडबुडे पाहिलेस, आणि तासाभरानं तिनं डोळे उघडले. तू बाहेर गेलीस, बराच वेळ आली नाहीस. मी समजलो, चहा प्यायला गेली असशील.

वर्षाच्या आत दुसरं ऑपरेशन झालं. त्यानंतर ती चालली, बोलली, बालवाडीत गेली, पहिलीत आली. तू तिला पाठ करून घेतलंस. कुणीही डॉक्टर आला की आधी सांगायचं, माझं हृदय उजवीकडे आहे. ती ते इतकं घोकत गेली की पाहुण्यांना नाव सांगायच्या आधी हेच सांगायची. ते दिवस चांगले होते. खोटं कशाला बोलू, भीती तेव्हाही होती, पण ती घरात राहणाऱ्या माणसासारखी झाली होती.

मग तिसऱ्या ऑपरेशनची वेळ आली. डॉक्टर दोन वर्षांपासून सांगत होते, आता करून घेऊ. पहिल्यांदा मी सांगितलं, तिला सर्दी आहे. दुसऱ्यांदा सांगितलं, शाळेचं वर्ष बुडेल. सुजाताला मी फसवू शकलो, तुला नाही. त्या रविवारी तुझा फोन आला. मी सांगितलं की ती हसते, खेळते, कविता म्हणते. अशा पोरीला मी माझ्या हातानं टेबलावर नेऊन ठेवू? आणि ती परत आली नाही तर? पहिल्या वेळी माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. या वेळी सही मी स्वतः विचार करून करणार, म्हणजे जे होईल ते मी केलेलं असेल.

तू म्हणालीस, "तिची नखं पाह्य, मिल्या. कशी गोल होऊन राह्यली. ती मोठी होऊन राह्यली अन् तिचं काळीज तेवढ्यातच भागवून राह्यलं. तू थांबला म्हणून ते थांबत नाही."

मी पाहिलेली होती नखं. जिना चढून आल्यावर ती उकिडवी बसते हेही पाहिलेलं होतं. म्हणूनच मला राग आला. मी म्हणालो, "तुझा मुलगा पुण्यात धडधाकट आहे. तुला सांगायला काय जातं?"

तू म्हणालीस, "बरं. जेवला का?"

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. सोमवारी वाटलं, फोन करावा. मंगळवारी वाटलं, रविवारी जाऊनच येऊ, समोर बसून बोलू. बुधवारी सकाळी तू ओट्याशी कोसळलीस. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, डॉक्टर म्हणाले. लोकांचा रक्तदाब मोजत फिरलेली तू, स्वतःच्या गोळ्या रविवारपासून आणायच्या राहिल्या होत्या. त्या का राहिल्या, मी बोललो म्हणून तुझं लक्ष उडालं होतं का, हे मी कुणाला विचारू?

जलदानविधी आटोपून माणसं गेल्यावर मी सुजाताला ते वाक्य सांगितलं. तिला सांगायला मला बारा दिवस लागले. ती माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. ती सतरंजीची घडी घालत होती, ती तशीच हातात धरून खाली बसली. म्हणाली, ताईंनी मला एक गोष्ट सांगितली होती आणि तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या.

पहिल्या ऑपरेशननंतर तुम्ही दोघी वॉर्डाबाहेर बसला होतात तेव्हाची ही गोष्ट. नोकरीच्या पहिल्या वर्षी, पहिल्या नेमणुकीच्या गावात, तुझ्या हातून एक मुलगा झाला होता. रडला, दूध ओढलं. डावीकडे स्टेथो ठेवला तर ठोके फार बारीक लागले. तुला वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू येत नाही, नवीन आहोत. उजवीकडे ठेवून पाहायचं तुला सुचलं नाही, कुणी शिकवलंही नव्हतं. पाचव्या दिवशी तो घरीच दगावला. नंतर मोठ्या डॉक्टरांनी तुला उजव्या हृदयाबद्दल आणि लिव्हरबद्दल समजावून सांगितलं, आणि तेव्हापासून तू प्रत्येक बाळ दोन्ही बाजूंनी ऐकत आलीस. सुजातानं तुझेच शब्द सांगितले:

"दर बाळाच्या येळी मले भेव वाटते, सुजाता. डावीकडं आवाज आला की मंग उमगते, तवरीक हातपाय गार पडले होते. आपल्या पोरीच्या येळी त उजवीकडं आला, अन् मले तिथून पळून जावं वाटलं. मिल्याले सांगू नको. त्याले वाटते त्याची बहीण कशालेच भेत नाही. तेवढं तरी राहू दे त्याले."

आणि मेहकरच्या दवाखान्यात तू चहाला गेली नव्हतीस. सुजाता तुला शोधत मागच्या नळाशी आली, तेव्हा तू ओकून तोंड धूत होतीस.

म्हणजे तुझ्या त्या 'हाव'चं कारण हे होतं. मला फसवायचं नव्हतं. तुझ्या तोंडून दुसरा शब्द निघाला असता तर तू स्वतः उभी राहू शकली नसतीस, आणि तिथे कुणीतरी उभं राहणं भाग होतं. पण ताई, हे तू मला एकदा सांगायला हवं होतंस. मी साडेसहा वर्षं असं समजत आलो की आपल्या घरात भित्रा मी एकटाच आहे. त्या लाजेपायी मी खोटं बोललो, सर्दी म्हणालो, शाळा म्हणालो, आणि शेवटी तुला ते बोललो. आपण दोघं शेजारी शेजारी बसून भ्यालो असतो तर मला तारीख लवकर घेता आली असती, असं मला वाटतं. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही. हे भांडण माझ्याकडून चालूच राहणार. आणि जे बोललो त्याची माफी मागतो. ती मागायला रविवारपर्यंत थांबायला नको होतं.

काल सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. पुढच्या मंगळवारी भरती, गुरुवारी ऑपरेशन. समृद्धीनं आता वेळ निम्मा लागतो. फोन ठेवल्यावर ती तारीख मी दोनदा चुकीची लिहिली, आणि तो कागद सुजातापासून लपवला नाही. डॉक्टर म्हणाले, बहुतेक मुलं बरी होऊन घरी जातात. 'बहुतेक' हा शब्द मी तेव्हापासून चावतो आहे.

संध्याकाळी मैत्रीला सांगायचं होतं. अंगणात ती खडूनं चौकोन आखत होती. मी शेजारी बसलो आणि सांगितलं, आपण मोठ्या दवाखान्यात जाणार आहोत, तुला झोपेचं औषध देतील, झोपेत डॉक्टर काम करतील. ती आखत राहिली. मग विचारलं, आत्या येणार नाही ना. मी म्हणालो, नाही.

ती खडू फिरवत बसली. मग म्हणाली, "आत्याले भेव वाटत होतं का, मी दवाखान्यात होती तवा?"

चार दिवसांपूर्वी मी 'छे' म्हणालो असतो.

"हो," मी म्हणालो. "खूप वाटत होतं."

"अन् तुम्हाले?"

"मलाही. आत्ताही वाटतंय."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, आपल्या वर्गातलं कुणी खरं बोलतंय की नाही हे पाहावं तसं.

"मंग मले वाटलं त चालते न?"

"चालते, बाळा."

तिनं खडू खाली ठेवला, माझ्या कुशीत शिरली आणि रडायला लागली. जोरात, तोंड उघडून. सुजाता दारात आली. आम्ही कुणीही तिला गप्प केलं नाही.